दिवसा दिसलेल्या चांदण्या

आमच्या घरात घड्याळ आलं ते १९६८ साली. वडिलांनी कुर्डुवाडीहून आणलं आणि सोप्यातल्या खुंटीला टांगलं. तोवर आमच्याकडे दिवसाची वेळ सावलीवरून कळायची आणि रात्रीची आज्जीकडून. रात्री कुणाला जाग आली, की अंथरुणातूनच विचारायचं, "आज्जी, किती रात झाली?" माळवदावर निजलेली आज्जी डोक्यावरचं पांघरूण बाजूला करायची, एकदा वर बघायची आणि सांगायची, "तिकांडं कललंय. निजा अजून दोन घटका."

आमचं गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनपासून दोन कोसांवर. मुलूख कोरडा. पाऊस कमी, झाडं कमी, आणि म्हणूनच आभाळ भरपूर. पौष-माघात शाळूची कणसं भरात आली, की वडिलांबरोबर मी राखणीला जायचो. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून केलेला माळा, त्यावर कडबा, कडब्यावर घोंगडी. रानडुकरं, हरणं आणि कणसं खुडून नेणारी दोन पायांची जनावरं, या तिघांसाठी जागायचं. जागायला करमणूक एकच, ती म्हणजे वरचं आभाळ.

आज्जीनं शिकवलेलं आभाळ असं होतं. थंडीत दिवस मावळला की उगवतीला मृग वर यायचा. त्याच्या पोटात ओळीनं तीन चांदण्या. ते तिकांडं, म्हणजे हरणाच्या पोटात रुतलेला बाण. मागं लखलखणारा व्याध, म्हणजे ज्यानं बाण मारला तो पारधी. तिकांडं डोक्यावर आलं, की पहिली झोप संपायची. ते मावळतीला टेकलं, की पहाट जवळ आली. तोवर उत्तरेला बाजलं उभं राहिलेलं असायचं. पुस्तकातले सप्तर्षी ते हेच. चार चांदण्या म्हणजे म्हातारीच्या बाजल्याचे चार खूर आणि पुढच्या तीन म्हणजे बाजलं चोरायला आलेले तीन चोर. म्हातारी जागी असते म्हणून चोरांना बाजलं नेता येत नाही, आणि चोर जात नाहीत म्हणून म्हातारीला झोप नाही. अशी ती चौघं ध्रुवाभोवती रात्रभर फिरत राहतात. पुढं कळलं, की विदर्भातल्या गोंड लोकांतही याच चांदण्यांची खाट आहे आणि तीन चोरही आहेत. मात्र तिकांड्यात त्यांना बाण नाही, नांगर दिसतो. ज्याच्या हातात जे, ते त्यानं वर पाहिलं.

उन्हाळ्यात तिकांडं पश्चिमेला बुडायचं आणि बाजलं रात्रीच्या पहिल्या प्रहरीच वर चढलेलं असायचं. पावसाळ्यात ढग फाटले, तर दक्षिणेला नांगी वळवलेला विंचू दिसायचा. पावसाळा उतरणीला लागला, की पहाटे दक्षिणेला अगस्ती यायचा आणि आज्जी म्हणायची, "आता वढ्याचं पाणी निवळंल."

पावसाची नक्षत्रं तिला तोंडपाठ होती. रोहिणी, मिरग, आडदरा, तरणा, म्हातारा, आसळका आणि थेट हत्तीपर्यंत. एकदा मी तिला कोड्यात पकडल्यासारखं विचारलं, "आज्जी, मिरग जूनला लागतो. मग जूनमदी मिरगाच्या चांदण्या का दिसत न्हाईत? त्या तर थंडीत दिसत्यात." आज्जी हसली.

"आरं, सूर्यनारायण त्या वक्ताला मिरगाच्या घरी पावना गेल्याला असतो. एवढा दिवटीवाला पावना दारात बसल्यावर घरधनी कसा दिसंल तुला?"

पुढं मी मास्तर झालो, ट्रेनिंग कॉलेजात शिकलो. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, सात-आठ जूनला तो मृगात शिरतो, तेव्हा ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं, हे सगळं रीतसर वाचलं. पण आज्जीच्या त्या वाक्यापेक्षा जास्त काही त्यात नव्हतं.

चांदणी म्हणजे शुक्र. पहाटेची चांदणी उगवली की मोट जुंपायची, हा शेतकऱ्याचा नेम. पण चांदणी बारा महिने पहाटे नसते. काही महिने पहाटे, मग गडप, मग काही महिने तिन्हीसांजेला. ती गडप झाली की आज्जी म्हणायची, "चांदनी सूर्याआड गेली, आता लगनं न्हाईत." भटजी पंचांगात बघून शुक्राचा अस्त सांगायचे, तो हाच. एकदा वडील गुरूला चांदणी समजून फसले. उगवतीला एवढा मोठा ठळक तारा बघून त्यांनी बैल उठवले, मोट जुंपली आणि दोन तास पाणी उपसलं, तरी दिवस उगवेना. शेवटी शेजारच्या मळ्यातून कुणीतरी ओरडलं, "आरं, मध्यान रातीला कुणाच्या नावानं पानी धरलंय?" ही गोष्ट गावात बरीच वर्षं चालली. आज्जी म्हणाली, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. चांदनी मध्यान रातीला कधी दिसती का?" तेही खरंच होतं. शुक्र सूर्याला सोडून फार लांब कधी जातच नाही.

हे सगळं सांगायचं कारण, या बाईला एकदा मी खोटं पाडलं.

१९६२ सालचा जानेवारी. मी बारा वर्षांचा, सातवीत, फायनलच्या परीक्षेचं वर्ष. गावात अष्टग्रहीची आवई उठली. फेब्रुवारीच्या तीन ते पाच तारखेला, पौषातल्या अमावास्येच्या सुमारास, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू. जग बुडणार, असं कुणी म्हणालं. भूकंप होणार, असं कुणी म्हणालं. देशभर त्या वेळी यज्ञ झाले, होम झाले. आमच्या गावात मारुतीच्या देवळात सप्ता बसला. काहींनी भिंत अंगावर येईल म्हणून अंथरुणं खळ्यावर नेली. एकानं तर आता काय उपयोग म्हणून ठेवणीतला गूळ काढून पोरांना वाटला. तो गूळ मीही खाल्ला.

अमावास्येच्या दोन दिवस आधी देवळासमोर माणसं जमली होती. बायका रडकुंडीला आलेल्या. आज्जी तिथं गेली आणि पारावर बसून म्हणाली, "कशापायी भ्येता? म्या आठ वर्साची व्हते तवा भर दुपारी रात झाल्याली या डोळ्यांनी बघितलीय. दिवसा चांदन्या निघाल्या. कोंबड्या आढ्यावर जाऊन बसल्या. गुरं गोठ्याकडं वळली. पुन्यांदा दिवस उगवला आन् आमी जेवलो. कुनी मेलं न्हाई."

सगळे गप्प झाले. ती पुढं सांगत राहिली. पौषातलीच अमावास्या, शनिवार. आदल्या सालात मोठा दुष्काळ पडलेला, बाप खडी फोडायला सरकारी कामावर गेलेला. जेऊर स्टेशनाजवळ पांढरे तंबू उभे राहिले. तेव्हा पुण्याकडे प्लेगचा कहर होता आणि तंबू दिसले की माणसांना एकच कळायचं, प्लेगची छावणी. म्हणून निम्मा गाव रानात पळाला. मग कुणीतरी बातमी आणली, की गोरे साहेब आजारी माणसं न्यायला नाही, सूर्य बघायला आलेत. कुणाचा विश्वास बसला नाही. त्यांनी आभाळाकडे रोखून एक लांबच लांब नळा बांधला होता, घरापेक्षा उंच. आज्जीच्या बापानं दोन दिवस तिथं माती उचलली आणि रोख पैसे आणले.

"सूर्य चंद्रकोरीवानी झाला," आज्जी म्हणाली. "लिंबाखाली बघितलं तर भुईवर सगळ्या चंद्रकोरीच सांडल्याल्या. शेकड्यानं. म्या वंजळीत धराय गेले, तर हातावरबी कोर पडली. मग अंधार आला मावळतीकडनं, वावटळीवानी. आन् सूर्याच्या जागी काळा तवा. त्याला पांढरी झालर, आन् झालरीला लांब लांब शेपट्या."

मी तिथंच होतो. सातवीत शिकणारा मुलगा म्हणून गावात माझा भाव होता. चार दिवसांपूर्वी मी हीच गोष्ट शाळेत विचारली होती आणि गुरुजी म्हणाले होते, की आपल्या भागात असं खग्रास ग्रहण झाल्याचं काही पुस्तकात नाही, म्हाताऱ्या माणसांना काहीतरी आठवतं. तेवढ्या आधारावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आज्जी, हे खोटं हाय. गुरुजी म्हनले, पुस्तकात न्हाई. आन् भुईवर चंद्रकोरी कशा पडतील? सूर्य काय फुटला व्हता का?"

माणसं हसली. मघाशी रडकुंडीला आलेल्या बायकाही हसल्या. आज्जीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पदर सारखा केला, पाराला हात टेकून उठली आणि घरी गेली. ती गोष्ट तिनं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. मीही विचारली नाही.

अष्टग्रही आली आणि गेली. गंमत अशी, की ज्या ग्रहांना सगळं जग भ्यालं, ते आभाळात दिसतच नव्हते. सगळे सूर्याच्या अंगाशी गोळा झालेले, त्याच्या उजेडात बुडालेले. आज्जीच्या भाषेत, सगळे पाहुणे एकाच घरी आणि दारात तो दिवटीवाला. त्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहणही होतं, पण त्याचा पट्टा गेला न्यू गिनीवरून आणि प्रशांत महासागरावरून. ऑक्टोबरात चीनची लढाई झाली तेव्हा गावातले काहीजण म्हणाले, ग्रह बोलले. आज्जी एवढंच म्हणाली, "लढाया मानसं करत्यात."

१९७१ साली आज्जी गेली.

१९८० सालच्या १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. पुन्हा अमावास्या, पुन्हा शनिवार. खग्रास पट्टा कर्नाटकातून जाणार होता, अंकोला, हुबळी, रायचूर असा. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाणार होता. मी तेव्हा शेजारच्या गावी शाळेत मास्तर होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि दुपारी सगळं गाव दारं लावून बसलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. तिला शेजारणींनी खिडक्यांना पोती लावून आत बसवलेलं. मी शिकलेला माणूस, पण त्या पोत्यांना हात लावायचं धाडस मला झालं नाही. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून कागदावर सूर्याचं बिंब घेणार होतो, तेवढं घेऊन शाळेच्या पटांगणात गेलो.

साडेतीनच्या पुढं ऊन पिवळट, थंड झालं. मी पुठ्ठा धरला आणि सहज पटांगणातल्या लिंबाखाली बघितलं.

भुईवर चंद्रकोरी सांडल्या होत्या. शेकड्यानं. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. वारा आला की सगळ्या एकदम हलत होत्या. मी हात पुढं केला, तर माझ्या तळव्यावर एक कोर पडली.

कारण अगदी साधं आहे. पानापानांमधली प्रत्येक फट ही टाचणीच्या भोकासारखीच असते आणि ती भुईवर सूर्याचं चित्र पाडते. एरवी सूर्य गोल, म्हणून झाडाखालचे कवडसेही गोल. रोज पायाखाली असतात आणि आपण बघत नाही. सूर्य कोरीएवढा झाला, की कवडशांच्याही कोरी होतात. हे कुणी पुस्तकात वाचल्याशिवाय सांगू शकत नाही, नाहीतर स्वतः बघितल्याशिवाय. आणि आज्जीला तर अक्षरओळखही नव्हती.

मी पुठ्ठा खाली ठेवला आणि लिंबाच्या बुंध्याशी बसलो. ग्रहण सुटेपर्यंत उठलो नाही.

एवढं कळलं, तरी एक गोष्ट उरली होती. माझ्या ग्रहणात उजेड मंदावला, पण रात्र झाली नव्हती, चांदण्या निघाल्या नव्हत्या. खंडग्रासात त्या निघतही नाहीत. मग आज्जीनं पाहिलं ते कोणतं? ती आठ वर्षांची म्हणजे साधारण १८९८ साल. पुढं काही वर्षांनी पुण्याला परीक्षेच्या कामासाठी गेलो, तेव्हा एका ग्रंथालयात दोन दिवस घालवले. तिथं सापडलं.

२२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाच्या बाजूनं भारतात शिरली, घाट चढून भीमेच्या खोऱ्यात आली, तिथून वऱ्हाडातून ईशान्येकडे गेली. हिवाळ्यातलं निरभ्र आभाळ आणि सावलीच्या वाटेवर रेल्वेची स्टेशनं, म्हणून जगभरातले ज्योतिर्विद इकडे धावले होते. विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर. वऱ्हाडाकडे तळणीला माउंडर पती-पत्नी, आणखी काहीजण पुलगावला. आणि आमच्या जेऊरला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल, त्यांची पत्नी एलिझाबेथ आणि चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. आज्जीच्या बापानं माती उचलली, तो 'नळा' हाच. जेऊरलाच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ पडला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्यांचा जेऊरच्या वेधांचा अहवाल १९०२ साली छापला गेला. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास टिकली. तळणीला अॅनी माउंडर यांनी घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या झालरीतून निघालेला एक किरण इतका लांब आला, की ते छायाचित्र ज्योतिर्विदांत गाजलं. झालरीला लांब लांब शेपट्या, असं आज्जी म्हणाली होती.

म्हणजे पुस्तकात होतं. माझ्या गुरुजींच्या पुस्तकात नव्हतं, एवढंच. त्यांना तरी काय बोल लावू? आमच्या इतिहासाच्या धड्यांत त्या सालचा प्लेग होता, दुष्काळ होता, रँडचा खून आणि चापेकर होते. जेऊरला त्या दुपारी काय झालं ते नव्हतं. आणि ज्या अहवालात जेऊर आहे, त्यात काचा आहेत, भिंगं आहेत, सेकंद आहेत. प्लेगच्या धाकानं रानात पळालेला गाव नाही, रोजाची माती उचलणारा बाप नाही, ओंजळीत चंद्रकोर धरायला गेलेली आठ वर्षांची मुलगी नाही. त्याच वर्षी एप्रिलात शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले, 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणारे. दापोलीजवळच्या मुरूडचा हा माणूस, मराठीतून आभाळ समजावणारा. असा एखादा त्या दिवशी आमच्या गावच्या पारावर असता, तर कदाचित त्यानं त्या मुलीला विचारलं असतं, की बाई, तू काय बघितलंस? मी तर तिच्या घरातच होतो आणि मी विचारलं नाही.

आता दिवसा निघालेल्या त्या चांदण्यांचाही उलगडा झाला. दिवसा चांदण्या नसतात असं नाही, त्या तिथंच असतात. पौषातल्या दुपारी आषाढातल्या रात्रीचं आभाळ आपल्या डोक्यावर असतं, फक्त सूर्याच्या उजेडात बुडालेलं. त्या शनिवारी दोन मिनिटं दिवटी झाकली गेली आणि घरधनी दिसले. आज्जीनं मला मृगाचं कोडं सोडवून दिलं, ते तिनं ऐकून नव्हतं दिलं. तिनं ते बघितलं होतं.

आता आमच्या भागात उजनीचं पाणी आलं. कोरडवाहू शाळूच्या जागी ऊस उभा आहे. पाणी आलं ते बरंच झालं. माळा, गोफण, राखण गेली, त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. पण कारखान्याचे दिवे आणि चौकातला उंच खांबावरचा दिवा यांनी आभाळ पांढुरकं केलं आहे. तिकांडं दिसतं, बाजलं दिसतं, आकाशगंगा मात्र गावातून दिसत नाही. माळवद जाऊन स्लॅब आला.

२०२० सालच्या डिसेंबरात, कोरोनामुळे पुण्याची शाळा बंद म्हणून नात गावी होती, दहा वर्षांची. २१ तारखेला दिवस मावळल्यावर तिला घेऊन स्लॅबवर गेलो. नैर्ऋत्येला गुरू आणि शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. दर वीस वर्षांनी ते भेटतात, पण इतके जवळ १६२३ नंतर आलेच नव्हते. मी तिला सांगितलं, की हे दोघं अष्टग्रहीतले. ती व्हायच्या आदल्या वर्षी, १९६१ला, याच मकर राशीत भेटले होते. साठ वर्षांनी फिरून त्याच घरी आलेत. आपल्या पंचांगातलं साठ संवत्सरांचं चक्रही गुरूच्याच फेऱ्यांवर बांधलेलं आहे. अष्टग्रहीच्या वेळी मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो आणि फार शहाणा होतो.

मग तिला पाराची गोष्ट सांगितली. सगळी. माझ्या वाक्यासकट, माणसांच्या हसण्यासकट. नात बराच वेळ काही बोलली नाही. त्या दोन ग्रहांकडे बघत होती. मग म्हणाली, "आजोबा, तुमच्या आज्जीनं बघितलं ते कुठं लिहिलंय का?"

मी म्हणालो, "न्हाई."

म्हणून आज हे लिहिलं.